बतासियाचा फेरा

दार्जिलिंगला जाऊन आलेल्या मंडळींच्या घरी एक छायाचित्र बहुधा असतेच. मध्ये फुलांचे ताटवे, त्यांच्याभोवती वळसा घालून उभी राहिलेली चिमुकली आगगाडी, इंजिनाच्या डोक्यावर धुराचा तुरा, आणि दैव अनुकूल असेल तर मागे कांचनगंगेची हिमाच्छादित रांग. हे ठिकाण म्हणजे बतासिया. छायाचित्र पाहून आपण कौतुक करतो व पुढचे पान उलटतो. परंतु त्या चित्रात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो विचारणारे फार थोडे. गाडीला दार्जिलिंगला जावयाचे आहे. दार्जिलिंग तर समोर दिसते आहे. मग ही गाडी सरळ पुढे जाण्याचे सोडून देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी एका टेकडीभोवती का फिरते?

श्रोतेहो, आज मी आपणांस या प्रदक्षिणेचे कारण सांगणार आहे. ते एकदा ध्यानात आले, की बतासियाला पाहावयाचे काय आहे हेही आपोआप कळेल आणि कदाचित तेथे कसे जावे याविषयीचा आपला विचारही बदलेल.

प्रथम स्थळ नीट समजून घेऊ. बंगालच्या उत्तर सीमेवर, हिमालयाच्या पायथ्याशी सिलिगुडी हे शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम चारशे फूट. तेथून निघालेली दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी डोंगर चढत चढत घूम या स्टेशनापर्यंत जाते. घूमची उंची ७,४०७ फूट असून भारतातील सर्व रेल्वे स्टेशनांत ते सर्वांत उंच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की दार्जिलिंग हे या मार्गाचे शिखर असावे. वस्तुतः घूमपासून पुढे गाडी उतरू लागते, आणि दार्जिलिंग घूमपेक्षा सुमारे सहाशे फूट खाली आहे. अंतर मात्र अवघे सहा-सात किलोमीटर. या शेवटच्या उतारावर बतासिया लागते. नेपाळीत ‘बतास’ म्हणजे वारा. आपल्या ‘वात’ शब्दाचेच ते भावंड. उघड्या सोंडेवर वसलेल्या, चहूकडून वारा खाणाऱ्या त्या जागेला याहून समर्पक नाव सापडले नसते.

आता मुळापासून सुरुवात करू. ही गाडी हवा खाणाऱ्यांच्या करमणुकीसाठी बांधली, असा एक समज आहे. तिच्या जन्माची कथा अगदी निराळी आहे. १८७८ साली कलकत्त्याहून सिलिगुडीपर्यंत आगगाडी आली. सिलिगुडीपासून वर दार्जिलिंगला मात्र हिल कार्ट रोड नावाच्या घाटरस्त्याने बैलगाड्या आणि टांगे यांनीच जावे लागे. त्या वेळी सिलिगुडीस एक टन तांदूळ ९८ रुपयांना मिळे, आणि तोच दार्जिलिंगला पोचेपर्यंत २३८ रुपये होई. ईस्टर्न बंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हा हिशेब मांडला आणि प्रश्न केला, की ज्या रस्त्याने बैल चढतात त्याच रस्त्याच्या कडेला रूळ टाकले, तर वाफेचे इंजिन का चढणार नाही? बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अ‍ॅश्ली ईडन यांना ही कल्पना पटली. १८७९ साली काम सुरू झाले, १८८० च्या ऑगस्टात गाडी कर्सियांगपर्यंत पोचली आणि ४ जुलै १८८१ रोजी दार्जिलिंगपर्यंतचा मार्ग खुला झाला. अवघ्या दोन वर्षांत एवढा डोंगर चढून जाण्याचे रहस्य हेच, की नवा मार्ग फारसा खणावा लागला नाही. रस्ता आधीच होता. गाडीने त्याचा हात धरला.

येथेच अडचण उभी राहिली. बैलाला जो चढ साधतो तो इंजिनाला साधेलच असे नाही. बैलाचे खूर मातीत रुततात. इंजिनाचे चाक गुळगुळीत पोलादाचे आणि खालचा रूळही गुळगुळीत पोलादाचा. सपाट प्रदेशावर हा गुळगुळीतपणा मोठा उपकारक असतो. त्याच्यामुळेच एक इंजिन शेकडो टन ओझे ओढू शकते. चढावर मात्र तोच वैरी होतो. चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते आणि गाडी पुढे सरकत नाही. आपल्या बोर घाटात सर्वांत तीव्र चढ दर ३७ फुटांस १ फूट असा होता, आणि एवढ्यासाठीही मागून जोडइंजिन लावावे लागते हे पुण्याच्या प्रवाशांना ठाऊक आहे. दार्जिलिंगच्या मार्गावर तर सुकनापासून घूमपर्यंतची सरासरीच दर ३० फुटांस १ फूट अशी पडते, आणि आरंभी कित्येक तुकड्यांत चढ याहूनही कडक होता. पहिल्या काही वर्षांत गाड्या वर नेताना चालकांची जी तारांबळ उडे, तिच्यातूनच पुढच्या साऱ्या युक्त्या निघाल्या.

डोंगर चढण्याच्या युक्त्या मुख्यतः चार आहेत. पहिली युक्ती श्रीमंतांची. वाटेत डोंगर आला की बोगदा खणावा, दरी आली की पूल बांधावा आणि चढ सौम्य ठेवावा. १९०३ साली सुरू झालेला कालका ते सिमला हा मार्ग याचे उदाहरण होय. त्यात शंभराहून अधिक बोगदे आहेत. दुसरी युक्ती दात्यांची. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवावी आणि इंजिनाच्या पोटातील दातेरी चाक तिच्यात अडकवून शिडी चढावी तसे चढावे. निलगिरीत कल्लारपासून कुन्नूरपर्यंत अशी पट्टी आहे, आणि म्हणूनच तेथील गाडी दर १२ फुटांस सुमारे १ फूट असा भयंकर चढ चढून जाते. दार्जिलिंगच्या कंपनीजवळ पहिल्या युक्तीसाठी पैसा नव्हता आणि दुसरी तिने स्वीकारली नाही. तिने उरलेल्या दोहोंवर भिस्त ठेवली.

तिसरी युक्ती आपल्या परिचयाची आहे. १८६३ साली बोर घाटाचा मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी त्या जागी येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लावीत, आणि मग ती उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ साली नवा मार्ग काढल्यावर ते स्टेशन सुटले. पण आजही जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात त्याचे नाव येते. दार्जिलिंगच्या मार्गावर हीच युक्ती लहान प्रमाणावर अनेक ठिकाणी योजलेली आहे. गाडी पुढे जाते, थांबते, मागे मागे चढते, पुन्हा थांबते, आणि पुन्हा पुढे निघते. जमिनीवर नागमोडी अक्षर काढावे तशी ही चाल. तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. बांधकाम पाहणारे एक गृहस्थ एका कड्यापाशी येऊन हताश होऊन बसले असता त्यांच्या पत्नीने सहज सुचविले, की पुढे जाता येत नसेल तर मागे का जात नाही? ही कथा खरी असो वा नसो, तिच्यातील शहाणपण खरे आहे.

चौथी युक्ती म्हणजे फेरा. इंग्रजीत ज्याला लूप म्हणतात तो. जुन्या वाड्यातला किंवा एखाद्या मनोऱ्यातला गोल जिना आठवा. मनोऱ्याच्या पोटात सरळ जिना घालण्यास जागा नसते. म्हणून पायऱ्या मध्यभागाभोवती गोल फिरत जातात, आणि एक फेरी पुरी होताच आपण बरोबर मघाच्याच जागी, पण पुरुषभर उंचीवर पोचतो. फेऱ्यात आगगाडी हेच करते. चढ सौम्य ठेवावयाचा तर मार्गाची लांबी वाढविली पाहिजे. दर ३० फुटांस १ फूट हे प्रमाण धरले, तर १४० फूट चढण्यास ४,२०० फूट लांबीचे रूळ हवेत, म्हणजे पाऊण मैलाहून अधिक. डोंगराची सोंड एवढी लांबी सरळ रेषेत देत नाही. मग ती लांबी गुंडाळून घ्यावयाची. सुताराजवळचा दोरा लांब असतो, पण गुंडीत मावतो, तशी.

येथे आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो, तो म्हणजे रुळांच्या रुंदीचा. फेरा घालावयाचा तर वळण अरुंद हवे. आणि रूळ जितके रुंद, तितके वळण मोठे घ्यावे लागते. आपल्या मुंबई-पुणे मार्गाच्या रुळांची रुंदी साडेपाच फूट आहे. दार्जिलिंगच्या रुळांची अवघी दोन फूट. म्हणूनच तिनधरियाजवळच्या ‘अ‍ॅगनी पॉइंट’ या फेऱ्यात वळणाची त्रिज्या साठ फुटांच्याही आत आणता आली. एखाद्या मोठ्या वाड्याचे अंगण असते तेवढ्या जागेत तेथे आगगाडी वळते. आपल्या माथेरानची गाडीही याच दोन फुटी रुळांवरून जाते, आणि त्याचे कारणही हेच. ही रुंदी डोंगराने घालून दिलेली आहे. तीत कोणाचा छंद नाही.

आता बतासियाकडे वळू. मघाशी सांगितले त्याप्रमाणे घूमपासून दार्जिलिंगपर्यंत गाडी उतरते. उतरणे सोपे, असे आपणांस वाटेल. परंतु जी गाडी सकाळी उतरते तिला परत चढावयाचे असते. दार्जिलिंगहून निघालेल्या गाडीला सुटल्याबरोबर हा सहाशे फुटांचा चढ छातीवर घ्यावा लागे. मार्ग सुरू होऊन ३८ वर्षे उलटल्यावर, १९१९ साली, या चढाची तीव्रता कमी करण्यासाठी बतासियाचा फेरा घालण्यात आला. म्हणजे हा मार्ग १८८१ साली पुरा झाला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो पुढे चाळीस वर्षे दुरुस्त होत होता, आणि बतासिया ही त्या दुरुस्त्यांतील सर्वांत देखणी दुरुस्ती होय.

येथे गाडी टेकाडाभोवती फिरत फिरत सुमारे १४० फूट खाली उतरते. एका ठिकाणी लहानसा पूल आहे. वरून जो मार्ग जातो, तोच वळून येऊन त्याच पुलाखालून निघतो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला या वेळी मोठी गंमत वाटते. कांचनगंगा आता डावीकडे होती, ती समोर येते, मग उजवीकडे जाते, मग दिसेनाशी होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या जागी येऊन उभी राहते. पर्वत हालत नाही हे आपणांस ठाऊक असते. तरी क्षणभर असे वाटते, की गाडी स्थिर असून ते २८,१६९ फुटांचे शिखरच आपल्याभोवती फिरत आहे.

या फेऱ्यावरून वाफेचे इंजिन जाताना पाहण्याचा योग आला, तर तो दवडू नये. या मार्गावरील ‘बी’ वर्गाची इंजिने १८८९ पासून तयार होऊ लागली. चार चाकांचे लहानसे इंजिन, आणि पाण्याची टाकी खोगिरासारखी त्याच्या पाठीवर. आज नियमित गाड्या बहुतांशी डिझेल इंजिने ओढतात. पण वाफेची काही इंजिने अद्यापि काम करतात. त्यांच्यावर माणसे किती असतात ते मोजा. चालक आणि आगवाला तर असतातच; शिवाय कोळसा फोडून देणारा एक गडी, आणि इंजिनाच्या अगदी पुढे, तोंडाशी बसलेले दोघे. या दोघांचे काम रुळांवर मुठीने वाळू टाकण्याचे. दाट धुके पडले, पाऊस झाला, रुळांवर ओली पाने पडली, की चाक घसरू लागते. मग ही वाळूच चाकाला पकड देते. मघाशी पोलादावर पोलाद घसरते असे मी म्हटले. त्या साऱ्या शास्त्राचे उत्तर अखेर एका माणसाच्या मुठीत असते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही गाडी अशीच, मुठीमुठीने, वर चढत आलेली आहे.

बतासियाच्या मध्यभागी, फेऱ्याने वेढलेल्या हिरवळीवर, एक स्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर सैन्यात राहून देशासाठी प्राण वेचलेल्या, या डोंगराळ मुलखातील गोरखा जवानांचे ते स्मारक असून १९९५ साली ते उभारण्यात आले. उंच स्तंभ आणि त्याच्यापाशी मस्तक लववून उभा असलेला ब्राँझचा शिपाई, एवढेच. येथे प्रवासी मंडळी बहुधा या पुतळ्याकडे पाठ करून छायाचित्रे काढतात, कारण पर्वत दुसऱ्या बाजूस असतो. आपण गेलात तर दोन मिनिटे इकडेही तोंड करावे. या डोंगरांतील कित्येक तरुण ज्या गाडीने पलटणीत भरती होण्यासाठी उतरले, ती गाडी आज त्यांच्या स्मारकाभोवती फिरते. यात योजना कितपत होती ते असो; औचित्य मात्र पुरेपूर आहे.

इतके सुंदर स्थळ पाहिल्यावर असे वाटते, की हे सारे आता कायमचे आहे. या भ्रमात कोणी राहू नये. हिमालय हा वयाने तरुण पर्वत आहे. त्याची माती सैल आहे, पाऊस प्रचंड आहे आणि भूकंपाचा धाक नित्याचा आहे. या मार्गावर मुळात खालच्या भागातही फेरे होते. त्यांतील दुसरा फेरा पुराने नुकसान झाल्यावर १९४२ साली काढून टाकावा लागला, आणि पहिला १९९१ च्या पुरानंतर गेला. कर्सियांगच्या खाली ‘पागला झोरा’, म्हणजे वेडा ओढा, नावाचे स्थळ आहे. पावसाळ्यात त्याचे नाव सार्थ होते. जून २०१० मध्ये तेथे दरड कोसळून रस्ता आणि रूळ दोन्ही वाहून गेले. पुढे आणखी पडझड झाली, आणि खालपासून वरपर्यंत सलग गाडी पुन्हा धावू लागण्यास २०१५ साल उजाडावे लागले. निसर्गाच्या जोडीला माणसांचे कलहही आहेत. २०१७ च्या आंदोलनात सोनादा आणि गयाबारी ही स्टेशने आगीच्या भक्ष्यस्थानी पडली आणि गाडी कित्येक महिने बंद राहिली. महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने माथेरानचे रूळ असेच वाहून गेले होते, आणि ती गाडी पुन्हा सुरू होण्यास २००७ साल आले.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १९९८ साली ऑस्ट्रियातील सेमरिंगची रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत आली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, दार्जिलिंगच्या रेल्वेला तो मान मिळाला. मागाहून २००५ साली निलगिरीची आणि २००८ साली कालका-सिमल्याची रेल्वे तिच्या शेजारी नोंदली गेली. हा मान मिळाला तो कशासाठी? देखावे सुंदर आहेत म्हणून नव्हे. सुंदर देखावे पृथ्वीवर पुष्कळ आहेत. डोंगरात राहणाऱ्या लोकसमाजाला मैदानाशी जोडणारा मार्ग थोड्या पैशात आणि मोठ्या कल्पकतेने कसा बांधावा, याचा हा आदिम नमुना आहे, आणि तो आजही चालता आहे, म्हणून. यातील ‘चालता’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

या रेल्वेने तांदूळ वर नेला, चहा खाली आणला. दुसऱ्या महायुद्धात घूम व दार्जिलिंगच्या छावण्यांकडे जाणारे सैनिक तिने वाहिले. शाळेत जाणारी मुले तिच्यात बसत. २० ऑक्टोबर १९४८ रोजी भारत सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. त्यानंतर रस्त्यावर मोटारी आणि ट्रक वाढले. जे अंतर मोटार तीन-चार तासांत तोडते, त्यास गाडीला सात तासांहून अधिक लागतात. हळूहळू माल गेला, मग रोजचा प्रवासीही गेला. आज या रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे दार्जिलिंगहून घूमपर्यंत जाऊन परत येणाऱ्या सहलीच्या गाड्या. त्या बतासियाला दहा मिनिटे थांबतात; छायाचित्रे काढून होतात; शिटी वाजते; मंडळी आत बसतात. आणि या साऱ्याला नाव पडले आहे ‘टॉय ट्रेन’, म्हणजे खेळण्यातली गाडी.

माझे या नावाशी भांडण आहे. सहलीच्या गाड्यांशी मात्र नाही. त्यांच्या पैशावर इंजिने चालतात, कारागिरांचे पोट भरते आणि तिनधरियाच्या कारखान्याला काम मिळते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नावाप्रमाणे वृत्ती घडते. ज्या वस्तूला आपण खेळणे म्हणतो, ती मोडली तर आपण हळहळतो आणि दुसऱ्या खेळण्याकडे वळतो. खाली कोठे तरी दरड कोसळून मार्ग तुटला, तरी वर सहा-सात किलोमीटरच्या टप्प्यात सहलीची गाडी फिरतच राहते, आणि फिरणाऱ्यास काही उणे भासत नाही. धोका आहे तो येथे. उद्या ८८ किलोमीटरच्या मार्गातला तेवढाच तुकडा उरला, तर बतासियाचा फेरा जागच्या जागी राहील, फुले राहतील, धूरही राहील. पण गाडी येथे गोल का फिरते, या प्रश्नाला उत्तर उरणार नाही. ज्या मनोऱ्याचे खालचे मजले पडले आहेत, त्याच्या वरच्या गोल जिन्याला काय अर्थ? सिलिगुडीचा तांदूळ, सुकनाचे साल वृक्षांचे रान, तिनधरियाचा कारखाना, कर्सियांगचा बाजार, पागला झोऱ्याची दरड, ही सारी बतासियाच्या फेऱ्याची पूर्वपीठिका आहे. ती वगळली, तर उरते ती बागेतली चक्रगाडी.

म्हणून दार्जिलिंगला जाणारांस माझी एक सूचना आहे. शक्य असेल तर येताना किंवा जाताना एकदा तरी न्यू जलपाईगुडी अथवा सिलिगुडीपासून पुऱ्या मार्गाने प्रवास करावा. सारा दिवस जाईल, जाऊ द्यावा. पुरा दिवस काढणे शक्य नसेल, तर निदान कर्सियांगपासून चढावे. तेथे गाडी बाजाराच्या मधून जाते. दुकानातील वस्तू खिडकीतून हात लांब केला तर हाती लागतील असे वाटते. एका बाजूस चहाचे मळे, दुसऱ्या बाजूस खोल दरी, आणि घाटरस्ता कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. रूळ हा रस्ता किती वेळा ओलांडतात याची मोजदाद मुलांना करावयास सांगावी. त्यांचा दिवस मजेत जाईल. घूमला पोचल्यावर स्टेशनातील लहान संग्रहालय पाहावे. मग जेव्हा गाडी उतरू लागेल आणि बतासियाचे वळण येईल, तेव्हा शेजारच्याने सांगण्याची वाट न पाहता आपणांस उमगेल, की हा सात हजार फूट चढून आल्यानंतरचा शेवटचा वळसा आहे.

ऋतूविषयी दोन शब्द. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पावसाचा जोर असतो, मार्ग तुटण्याचे भय असते आणि कांचनगंगा मेघांत दडलेली असते. ऑक्टोबर, नोव्हेंबर हे महिने सर्वांत निर्मळ. मार्च, एप्रिलही चांगले. पहाटे लवकर बतासियाला जावे. सूर्य वर आला, की दरीतून ढग चढू लागतात आणि शिखर झाकून टाकतात. पहाटे कित्येकदा रुळांवरच लोकरी कपडे मांडून बसलेल्या बायका दिसतील. गाडी आली, की त्या आपले सामान शांतपणे उचलतात, गाडी जाऊ देतात आणि पुन्हा मांडतात. नवख्यास हे विलक्षण वाटते. परंतु या मार्गावर गाडी, रस्ता आणि माणसे एकमेकांशी अशीच वागत आलेली आहेत. ज्या रेल्वेचे रूळ घरांच्या ओसरीला लागून जातात, तिला कुंपण घालून काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती ज्यांच्या दारावरून जाते, त्यांना ती आपली वाटली पाहिजे; तरच दरड कोसळल्यावर फावडे घेऊन धावणारे हात मिळतील. रुळांच्या कडेला कचरा टाकू नये, एवढे तर आपण पाहुण्यांनीही पाळावे.

श्रोतेहो, आपल्याकडे ‘सरळ मार्ग’ हा शब्द नेहमी स्तुतीने वापरतात, आणि ‘आडवळण’ हा शब्द निंदेने. डोंगरात राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. तेथे सरळ मार्ग म्हणजे कडा, आणि कड्याचा शेवट दरीत होतो. ज्याला वर पोचावयाचे आहे, त्याला वेळ पत्करावा लागतो, वळसा पत्करावा लागतो. प्रसंगी मघाच्याच जागी येऊन, पण थोडे वर येऊन, पुन्हा चालू लागावे लागते. दोन फुटी रुळांची ही गाडी १८८१ पासून हेच करीत आली आहे. बतासियाचा तो हिरवा फेरा पाहताना तिच्या या चिकाटीची ओळख पटली आणि आपल्यापैकी काही जणांनी परतीच्या मोटारीचा बेत रद्द करून खालपर्यंतचे तिकीट काढले, तर त्या रेल्वेवर आपण केलेला तो उपकार लहान ठरणार नाही.